बॅगेत न मावलेला दिवा

"रिकामी बॅग अडीच किलो? मग आत काय, वारा भरायचा?" हुकाच्या काट्याला लटकलेल्या बॅगेकडे बघत बारकूने विचारलं.

"काका, त्या वजनातच तर सगळी खुबी आहे," बॅगवाला म्हणाला. "आत चारी बाजूंनी जाड फोम. हातातून सुटली तरी कॅमेऱ्याला ओरखडा येणार नाही."

"ते ठीक आहे हो. पण विमानात वर न्यायला सातच किलो. त्यातले अडीच ही बयाच खाऊन बसणार. उरलं काय माझ्या हातात?"

"मग चाकांची बघा ना. खांद्याला त्रास नाही."

"ती तर हिच्याही वरताण जड. चाकं, दांडा, साखळ्या... कॅमेरा न्यायचाय की बॅग फिरवायचीय?"

बॅगवाल्याने हात टेकले. या गिऱ्हाइकाची ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळा बारकू घरून सगळं सामान पिशवीत घालून आला होता, एकेका बॅगेत रचून, काट्यावर टांगून, मान हलवून परत गेला होता. शेवटी दुकानदाराने कोपऱ्यातली एक राखाडी बॅग काढून त्याच्यापुढे टाकली. पातळ कापडाची, चोळामोळा झालेली, आत ना कप्पा ना फोम.

"ही घ्या. वजन नावालाच आहे. पण काही फुटलं-तुटलं तर मला बोलायचं नाही."

बारकूने ती उचलली. खरंच, हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. उजवा खांदा गेली चाळीस वर्षं बॅगा वाहून डाव्यापेक्षा खाली आला होता. त्या खांद्याला बरं वाटलं. त्याने बॅग घेतली आणि बाहेर येऊन पायरीवर जरा टेकला. हल्ली साध्या कामानेही जीव दमून जाई.

बारकू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण घरात सगळ्यांत धाकटा, म्हणून ताईने लहानपणी बारक्या म्हणायला सुरुवात केली, आणि साठी उलटून गेली तरी ते चिकटलं ते चिकटलंच. बाजारपेठेच्या टोकाला त्याचा एका खोलीचा स्टुडिओ. मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, आणि दिवसाकाठी येतील ती ओळखपत्राच्या फोटोंची माणसं. "हनुवटी जरा खाली. खांदे सैल सोडा. हं, इकडे बघा." आयुष्यभर हीच तीन वाक्यं. आता फोटो प्रत्येकाच्या खिशात आला, त्यामुळे तीही क्वचितच म्हणावी लागत. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा तुम्ही मला हनुवटी खाली घ्यायला सांगता.

एवढ्या माणसांचे फोटो काढले, पण एक फोटो त्याला कधी जमला नाही. ताईचा.

ताईची पापणी. फ्लॅश उडायचा अवकाश, की ती पडलीच. बारकूच्या हातात पहिला कॅमेरा आला तेव्हा समोर बसायला ताईच होती. पहिला फोटो तिचा, पहिला वाया गेलेला फोटोही तिचाच. पुढे तिच्या लग्नात, बारशाच्या वेळी, लेकीच्या लग्नात, सगळीकडे बाई डोळे मिटून उभी. बारकूने काय काय युक्त्या केल्या. एक-दोन-तीन म्हणून दोनलाच बटण दाबलं. तिला न सांगता कोपऱ्यातून काढला. छे! सगळ्या खानदानात हा विनोदाचा विषय होता. "ताईचा फोटो ना? झोपलेली असताना काढा, म्हणजे तक्रारच नको." ताई स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायची. "माझी मेली पापणी बारक्याच्या बोटापेक्षा चपळ आहे," म्हणायची.

आई लवकर गेली. बारकूला न्हाऊ-माखू घालून, शाळेत ओढून नेऊन, मार देऊन आणि मारल्यावर स्वतःच रडून मोठं केलं ते ताईने. आता ती लेकीकडे होती, इतकी लांब की गाडीने जायचं तर दोन दिवस मोडायचे. साखर वाढून वाढून मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं, आणि ताईने लेकीकडून ते काढून घेतलं होतं. तिच्यापासून कोण काय लपवणार?

मग तिने फोन केला होता.

"बारक्या, भिंतीवर लावायचा फोटो तू काढायचास. माझा."

"काहीतरी बोलू नकोस ताई."

"गप. मी डोळे मिटून भिंतीवर बसणार नाही, सांगून ठेवते. लोक म्हणतील, बाई जिवंत होती तेव्हाही झोपली होती आणि आता मेल्यावरही झोपलीय."

बारकूला हसू आलं. "या वेळी फ्लॅश नाहीच," तो म्हणाला. "माझ्याकडे मोठा दिवा आहे. लावला की नुसता शांत उजेड पडून राहतो, डोळ्यावर झपकन येत नाही. तू आरामात बघत राहायचंस."

"मग आधी का नाही आणलास तो दिवा, शहाण्या?"

तेव्हापासून सगळं घोडं बॅगेपाशी अडलं होतं. कॅमेरा, चेहऱ्यासाठीची लांब लेन्स, तो दिवा, त्याच्या दोन बॅटऱ्या. भाचीकडून त्याने खोलीची सगळी चौकशी केली होती. खिडकी एकच, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीला टेकलेली. ताईला पलंगावरून हलवता येत नाही, आणि तिची मान सारखी थरथरते. म्हणजे असल्या मिणमिणत्या उजेडात काढलेला फोटो हललाच म्हणून समजा. दिव्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "मामा, बॅगेचं राहू दे, तू लवकर ये," भाची दर फोनला म्हणत होती. "व्हिडिओवर तरी दाखव तिला," असं तो म्हणायचा तर ताईच मागून ओरडायची, "मी काय नाटकात आहे? नुसतं बोल!"

राखाडी बॅग पाहून बायकोने कपाळाला हात लावला. "एवढे दिवस बघताय, मला वाटलं सून शोधताय. आणि आणलं काय, तर हे फडकं?"

"हलकी आहे."

"फडकं हलकंच असतं हो."

पण रात्रीचं जेवण उरकायच्या आधीच ती शिवणयंत्रापाशी बसली. बारकूचा एक जुना हिरवा स्वेटर होता, ताईने विणलेला, कोपरावर विरलेला. तो कापून तिने बॅगेला आतून जाड अस्तर लावलं आणि मधे कप्पे घातले. कॅमेऱ्याचा एक, लेन्सचा एक, दिव्याचा एक. बारकू नुसता बघत राहिला. तिला फोटोतलं काही कळत नाही असं तो जन्मभर म्हणत आला होता, आणि तिने लेन्सचा कप्पा बोटभरही कमी-जास्त केला नव्हता.

मग वजन. शेजाऱ्यांचा काटा मागून आणला, बॅग टांगली, बायकोने चष्मा लावून आकडा वाचला. सातला अगदी थोडं कमी! बारकूला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे चहा मागितला.

आणि तिथेच तो फसला. जन्म गेला या धंद्यात, पण फोटोवालाच करील अशी चूक त्याने केली. दिव्याच्या दोन्ही बॅटऱ्या त्या वेळी स्टुडिओत, पांढऱ्या पडद्यामागे, चार्जिंगला लावलेल्या होत्या. प्रवासाच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या भरून ठेवायच्या, ही पक्की सवय. सकाळी निघताना त्याने त्या काढल्या, नेहमीसारख्या बॅगेत सारल्या, चेन ओढली. त्या विटेसारख्या जड असतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण वजन तर काल झालं होतं ना.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली आणि मान हलवली.

"सर, जास्त आहे. ही खाली सामानात द्यावी लागेल."

"काल तर बरोबर भरली होती!" बारकू म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला पांढरा पडदा आठवला. त्याचं तोंड उतरलं.

त्याने लेन्स काढून कोटाच्या एका खिशात घातली. एक बॅटरी दुसऱ्या खिशात. कोट दोन्हीकडून लोंबायला लागला.

"सर, कोटही काट्यावर ठेवा."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बारकूचे कान तापले. "जास्तीचे पैसे घ्या, पण जाऊ द्या," तो म्हणाला.

"विमान छोटं आहे सर, पैसे भरूनही वर नेता येणार नाही. बाकीचं खाली देऊ शकता. पण या सुट्या बॅटऱ्या खाली चालत नाहीत, त्या जवळच ठेवाव्या लागतात." मुलगी वाईट नव्हती. दिवसभर हेच सांगून तीही दमलेली दिसत होती.

दिव्यापेक्षा त्याची एकेक बॅटरी जड; दिवा खाली दिला तरी कॅमेऱ्याबरोबर एकही बॅटरी सातात बसेना. म्हणजे कॅमेरा तरी, नाहीतर बॅटऱ्या तरी. आणि बॅटऱ्यांशिवाय दिवा म्हणजे नुसता डबा. कॅमेरा खाली द्यायचा? तो आपटला, फुटला, तर जायचंच कशाला? बारकू बॅग उघडून तिथेच जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले. हिरव्या कप्प्यातून त्याने दिवा काढला, बॅटऱ्या काढल्या. छोटा फ्लॅश कॅमेऱ्याबरोबर कायमचा असायचा, तो राहिला. ज्याच्या नावाने एवढी वर्षं बोटं मोडली तोच सोबतीला.

बायको अजून दाराच्या काचेबाहेर उभी होती. पहारेकऱ्याच्या विनवण्या करून त्याने दिवा आणि बॅटऱ्या तिच्या हाती दिल्या. काय झालं ते तिने विचारलंच नाही, त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. दिवा पोटाशी धरून ती म्हणाली, "तुम्ही जा. त्यांना तुम्ही हवे आहात, दिवा नाही."

विमानात पहिल्यांदाच बसला होता, पण खिडकीबाहेर त्याने धड पाहिलंही नाही. ताईला काय सांगायचं? एक गोष्ट मागितली होती तिने. एकच.

भाचीने दार उघडलं. ताईची खोली भाचीने सांगितली होती तशीच अंधारी होती. ताई उशांना टेकून बसली होती, अंगात निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले. एवढीशी झाली होती.

"आलास? किती हळू चालतोस रे! पाय घासत चालू नकोस म्हणून किती मारलंय तुला."

तो पलंगाशी बसला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, गाल चाचपले. "वाळलास," म्हणाली. मग तिचा हात त्याच्या मांडीवरच्या बॅगेत गेला आणि आतल्या अस्तरावर थांबला. "हा मी विणलेला स्वेटर! कापलात होय रे? बरं केलंत. पहिलं काम कर, फोटो काढ. दुपारनंतर माझ्यात त्राण राहत नाही."

"ताई, तो दिवा..." बारकूने सुरुवात केली.

"हो हो, लाव तुझा दिवा. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, माझा भाऊ खास दिवा घेऊन येतोय म्हणून."

आता कुठल्या तोंडाने सांगणार? बारकूने मुकाट्याने कॅमेरा काढला, फ्लॅश चढवला. निदान दहा-वीस काढू, एखाद्यात पापणी चुकेल. नाहीच चुकली तर मग सांगू.

"हनुवटी जरा खाली. खांदे सैल सोड. हं, इकडे बघ."

आवाजाच्या रोखाने ताईने मान वळवली. बारकूने बटण दाबलं. सगळी खोली लख्ख पांढरी झाली. भाचीने डोळे मिटले, त्याचेही मिटले.

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि त्याचा विश्वास बसेना. डोळे उघडे! चांगले टपोरे, थेट समोर बघणारे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने आणखी एक काढला. उघडे. आणखी एक. उघडेच!

"ताई! जमलं! अगं, बघ तरी!" पोरासारखा ओरडत त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला.

तिने तो दोन्ही हातांत धरला, तोंडासमोर नेला, आणि बराच वेळ बघत राहिली. कॅमेऱ्याचा पडदा काही क्षणांत आपोआप विझतो. तो विझला. ताई त्या काळ्या काचेकडे बघतच होती.

"छान आलाय रे," ती म्हणाली. "चांगले उघडे आलेत डोळे. शेवटी तुझ्या दिव्याने केलं काम. किती शांत उजेड आहे! डोळ्याला कळलासुद्धा नाही."

बारकूने भाचीकडे पाहिलं. भाचीने ओठ घट्ट दाबून मान हलवली. "डोळे जाऊन दोन महिने झाले," ती अगदी हळू म्हणाली. "मामाला सांगशील तर याद राख, म्हणाली. तो मग फोटो काढायला नाही, रडायला येईल."

"काय कुजबुज चाललीय?" ताई म्हणाली.

"काही नाही," बारकू म्हणाला. तिच्या हातातून कॅमेरा घेऊन त्याने तो हिरव्या कप्प्यात ठेवला. शेजारचा दिव्याचा कप्पा रिकामा होता.

"आता विझव तो दिवा, कशाला उगाच जळतोय," ताई उशीवर मागे टेकत म्हणाली. "बॅग फार जड झाली असेल ना रे, तो एवढ्या लांब आणायचा म्हणजे?"

बारकू उठला. रिकाम्या कोपऱ्यापर्यंत पाय घासत चालत गेला, भिंतीवरचं एक बटण दाबून पुन्हा वर केलं, म्हणजे तिला आवाज यावा.

"नाही ताई," तो म्हणाला. "काहीच जड झाली नाही."