लॅपटॉपची गादी

आळेफाट्याच्या कापडदुकानात झुंबरलालनं आयुष्यभर गिऱ्हाइकाचं ऐकलं होतं. बोरी गावच्या बायकांना रुंद काठ हवा, तर रुंद आणला. आणे गावच्या म्हाताऱ्यांना जाड धोतर हवं, तर जाड आणलं. त्यामुळे मस्कतला दिलेल्या लेकीनं, खुशबूनं, पाठवलेला हा लॅपटॉप कंपनीनं कुणाला विचारून बनवलाय, हेच त्याला कळेना.

हवा घ्यायची जाळी पोटाखाली. आवाजाची भोकंही पोटाखाली. दुकानात काय, मागच्या घरात काय, टेबल म्हणून नव्हतं. सगळं उठणंबसणं गादीवर. गादीवर ठेवला की लॅपटॉपचं नाकतोंड दाबलं जायचं. मग तो तापायचा आणि बंद पडायचा, तोही नेमका खुशबू "थांबा, बाळाला आणते" म्हणाली की. नात दोन महिन्यांची झाली होती, आणि झुंबरलालच्या आईनं, सज्जनबाईनं, पणतीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हातारीला खुर्चीवर बसवत नव्हतं.

त्यात तिनं भर घातली. लॅपटॉपखाली घालायला लाल छिटाची, झालरीची, कापूस भरलेली छोटी गादी शिवली. तीही लॅपटॉपच्या दुप्पट लांब.

"बाई, माप तरी घ्यायचं व्हतं," झुंबरलाल आईवर करवादला.

"मापानंच शिवलीय," आई म्हणाली.

गादीवर तर लॅपटॉप आणखी लवकर बंद पडू लागला. शेवटी झुंबरलालनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, टेबलावर ठेवा. गादीवर वापरायचा नसतो."

"मग जाळी बाजूला का न्हाई दिली?"

"डिझाइनच तसं आहे, सर."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साडी नेसा पण नेसून बसू नका, असं त्यानं एखाद्या बाईला सांगितलं असतं, तर दुकान कधीच उठलं असतं.

रविवारी खुशबूशी बोलताना लॅपटॉप पुन्हा बंद पडला. झुंबरलालनं खालची लाल गादी हिसकून कोपऱ्यात फेकली. तागे गुंडाळायच्या दोन फळ्या आणल्या, लॅपटॉपच्या दोन कडांखाली सारल्या आणि मध्ये मोकळी फट ठेवली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि चालू राहिला. पडद्यावर खुशबू आली. तिच्या मांडीवर बाळ होतं.

सज्जनबाईनं पडद्याकडं डोळे भरून पाहिलं. मग हात लांब करून कोपऱ्यातली गादी ओढली, झटकली आणि लॅपटॉपसमोर पसरली.

"खुशबू, तिला जरा आडवी धर गं. पाय पुरत्यात का बघू दे."

झुंबरलालनं गादीची लांबी आत्ता कुठं नीट पाहिली. घरातल्या प्रत्येक पोराची पहिली गादी आईच्या हातची होती. त्याची स्वतःचीसुद्धा.

"पोर याच्यातच येणार म्हणालास ना," ती त्याला म्हणाली. "मग तिला टणकावर कशी ठिवायची?"

त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं फळ्या काढल्या. दोन्ही हातांवर लॅपटॉप उचलून आईला गादी त्याच्याखाली सरकवू दिली. खालून तळव्यांना चटके बसत होते. मनातल्या मनात कंपनीला शिव्या घालत, बोलणं संपेपर्यंत तो लॅपटॉप गादीवर अधांतरी धरून बसला.