डोंगरावरचं जहाज

समुद्राच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्या कचेरीने अख्ख्या पृथ्वीचे चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाला क्रमांक. त्यातला पहिला आकडा सांगे, चौकोन पृथ्वीच्या कुठल्या चतकोरात आहे. ईशान्येकडच्या चतकोराला एक, वायव्येकडच्याला सात. जहाजावरच्या कुणी बादलीने पाणी उपसून ते किती गरम आहे हे कळवलं, की ती नोंद आपल्या चौकोनात जाऊन बसे. शुक्रवारी नोंदींची साफसफाई होती. ज्यांचा चौकोन नकाशात जमिनीवर पडत होता, त्या नोंदी संगणक सरसकट बाद करणार होता.

त्यात एक जहाज चांगलं आठवडाभर डोंगरांवरून चाललेलं निघालं. इथेच नोकरीला असलेल्या लेकीने त्याचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाबांचं जहाज; पाण्याच्या नोंदी तेच लिहायचे. बाबा नुकतेच गेले होते, आणि जाताना मागे हे ठेवून गेले होते: एकच्या जागी सात, पूर्वेच्या जागी पश्चिम.

तिने आईला फोन केला. आईला काडीचंही नवल वाटलं नाही. ह्यांना डावं-उजवं जन्मात कळलं नाही, म्हणाली. टॅक्सीत तोंडाने डावीकडे सांगायचे, हात उजवीकडे, आणि ड्रायव्हर बिचारा माझ्याकडे बघायचा. जहाज दुसरं कुणी चालवत होतं आणि ह्यांच्या हातात नुसती बादली होती, म्हणून माणसं घरी पोचली.

नोंद चौकोनातून हलवायची तर त्याच सुमारास तिथून गेलेल्या दुसऱ्या जहाजाची साक्ष लागे. लेकीने जुन्या नोंदी उपसल्या, डोळे लाल करून घेतले, आणि शेवटी एक तेलवाहू जहाज तिच्या मदतीला धावून आलं. बाबांचं पाणी आणि त्याचं पाणी अगदी जुळत होतं. सगळीकडे अठ्ठावीस अंशांच्या आसपास. फक्त एका सकाळी बाबांनी छत्तीस लिहिलं होतं. एवढ्या गरम पाण्यात मासे शिजले असते.

विभागप्रमुखांनी चष्मा वर सरकवला. बाबा गेल्यावर भेटायला घरी आले होते तेव्हा हे गृहस्थ तासभर स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलले होते. आयुष्यात त्यांनी एक नियम वाकवला नव्हता. आता मात्र दाराकडे बघून हळूच म्हणाले, "तो तीन नाही, दोन असेल. सव्वीस कर. कोण बघतंय?"

सांत्वन करायची त्यांची रीत हीच, हे तिला कळलं. ती बाहेर आली आणि तिने पुन्हा आईला फोन करून छत्तीसबद्दल विचारलं.

"आंघोळीची बादली असणार," आई म्हणाली. "बाहेर वारा सुटला की ते कशाला हलतायत खोलीतून."

लेक भिंतीला टेकून हसली. ते हसू अर्ध्यावर बिघडलं, म्हणून तोंड धुऊन मगच आत गेली.

"सर, छत्तीसच राहू दे. चुकीची नोंद म्हणून मी त्यावर खूण करते."

"लोक हसतील गं त्यांना."

"हसू देत. जिवंतपणी काय कमी हसलो आम्ही?"

तिने अख्खी सफर समुद्रात नेऊन सोडली आणि छत्तीसपुढे खूण केली. रात्री आईने ताट वाढताना, बाबा लागले का एकदाचे पाण्याला, असं विचारलं. लागले, लेक म्हणाली. एक नोंद चुकीची आहे, पण तीही तिथेच ठेवलीय.

"बरं केलंस," आई म्हणाली. "नाहीतर ह्यांना ओळखलं नसतं मी."