टेबलाभोवती डावीकडून

चाळिशी उलटल्यावर बर्फावरची हॉकी खेळायचं खूळ माझ्या डोक्यात कुणी घातलं, असं सगळे विचारतात. कुणी घातलं नाही, माझं मीच घेतलं. माझी धाकटी नणंद बायकांच्या संघाची कप्तान आहे. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आमच्यातली एक जण संघ सोडून गेली गं, कुणीतरी हवंय." मी ताटातून मान वर न करता म्हटलं, "मी येते की."

"वहिनी, तू?" ती इतकी हसली, की पाणी तिच्या नाकातून बाहेर आलं.

त्या नाकातल्या पाण्याने माझं डोकं फिरलं. लहानपणापासून मी घरची धांदरट. सपाट जमिनीवर अडखळणारी म्हणून ख्याती. चष्म्याच्या दुकानात मी काचा बसवते, तिथे माझा हात तसूभर हलत नाही. पण कमरेखाली सगळा आनंदीआनंद. आयुष्यात एकदा तरी हे खोटं पाडायचंच होतं.

पहिल्या दिवशी मी बर्फावर उभी कमी आणि बसलेली जास्त होते. प्रशिक्षक बाईंना सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण ती त्यांच्या तोंडातून कधी निघत नाही. माझ्यासाठी निघाली. "पाय आहेत की खांब?" त्या म्हणाल्या. "महिन्याने चाचणी घेईन. जमलं तर संघात, नाहीतर प्रेक्षकांत. बर्फ आठवड्यातून एक तास मिळतो, पण पाय तर चोवीस तास तुमच्याजवळच असतात ना? घरी सराव करा. गुडघे वाकवा, पायावरून पाय टाकत वळा."

आमच्या घरात वळायला जागा एकच, जेवणाच्या टेबलाभोवती. आणि टेबलाच्या बाजूला, भिंतीला लागून, सासूबाईंची खुर्ची. खिडकीकडे तोंड करून ती अकरा वर्षं एकाच फरशीवर आहे. दुखरा पाय स्टुलावर, नजर रस्त्यावर. घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याने तीनदा "आजी, जरा उठता का?" म्हणून पाहिलं आणि शेवटी त्यांना वगळूनच रंग लावला. तिथे अजून खुर्चीच्या आकाराचा जुना पिवळा डाग आहे.

"माझ्या लेकीचा संघ आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिथे हसं करून घेऊ नकोस. रोज चाळीस फेऱ्या मार, मी मोजते. पण येताना समोरून ये. पाठीमागून आलीस की मी दचकते, आणि दचकले की गुडघ्यात कळ जाते."

त्यांच्या समोरून यायचं म्हणजे कायम डावीकडे वळायचं. ठीक आहे, मोजे चढवले, गुडघे वाकवले, उजवा पाय डाव्यावरून टाकत निघाले. हातात फरशी पुसायचा दांडा, पुढे खेळातल्या चकतीऐवजी बरणीचं झाकण. दर फेरीला सासूबाई एक वाटाणा वाटीत टाकायच्या. मी फ्रिजला धडकून दम खात उभी राहिले की आवाज यायचा, "चोवीस झाल्या. पंचविसावी कुठे अडलीय?" नवऱ्याने टेबलाच्या चारही कोपऱ्यांना आपले जुने मोजे बांधले. खालच्या मजल्यावर पियानो शिकवणारे मास्तर भांडायला म्हणून वर आले, दोन फेऱ्या बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा डावा पाय उशिरा पडतोय. तालात पाडा, मग माझी काही तक्रार नाही."

दात घासताना मी एका पायावर, दुकानात काचा बसवतानाही एका पायावर. एका गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, "पायाला लागलंय का हो?" मी पाय बदलला आणि म्हटलं, "नाही, आता दुसऱ्याची पाळी."

चौथ्या आठवड्यात मी चक्क उडायला लागले. खोटं नाही सांगत, सासूबाईंचे केस भुरभुरायचे. "अगं हळू, बये!" त्या ओरडायच्या आणि वाटाणा टाकायच्या. मी खिदळत पुढची फेरी घ्यायचे. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

चाचणीच्या दिवशी शिट्टीबाईंनी गोलापुढे नेमकं नणंदेलाच उभं केलं. "हिला चुकवून गोल करायचा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही जमले पाहिजेत."

डावीकडून काय, मला ते झोपेतही आलं असतं. नणंदेला कळायच्या आत मी पलीकडे आणि रबरी चकती जाळ्यात. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"आता उजवीकडून."

मी निघाले, वेग घेतला, आणि निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं. महिनाभरात मी एकदाही उजवीकडे वळले नव्हते. हजाराच्या वर फेऱ्या, सगळ्या डावीकडून! उजवा पाय डाव्यावरून कसा टाकायचा ते माझ्या पायांना पाठ होतं, डावा उजव्यावरून कसा टाकतात याचा त्यांना पत्ताच नव्हता. नणंद उजवी बाजू अडवून उभी. आता आपटले की प्रेक्षकांत, आणि ते नाकातलं पाणी जन्मभर. थांबताही येईना, कारण बर्फावर फ्रिज नव्हता.

मग पायांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. मी डावीकडे वळले. नणंद त्या बाजूला झेपावली. मी वळतच राहिले. तिच्याकडे पाठ झाली, प्रेक्षक दिसले, शिट्टीबाई दिसल्या, आणि गिरकी पुरी होत आली तेव्हा मी उजवीकडून बाहेर पडले होते. नणंद दोन्हीकडे एकदम वळायला गेली आणि धपकन बसली. चकती रेंगाळत रेंगाळत रेषेपलीकडे गेली. मग मीही बसले.

"वहिनी, हे काय होतं गं?" नणंदेला हसू आवरेना. या वेळी पाणी डोळ्यांतून येत होतं.

शिट्टीबाई आमच्यापाशी आल्या. "ही गिरकी कुठे शिकलात?"

"जेवणाच्या टेबलाभोवती."

"आणि सरळ उजवीकडे का नाही वळलात?"

"तशी वळले की सासूबाई दचकतात."

त्यांनी शिट्टी तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "घेतलं संघात. पण दोन आठवड्यांनी सामना आहे. तोवर उजवीकडे वळता आलं नाही, तर बाकावर बसाल."

घरी नणंदेने सगळं साभिनय करून दाखवलं, धपकन बसण्यासकट. नवरा हसून हसून खाली बसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"म्हणजे माझ्यामुळे राहिलं तुझं उजवं."

"नाही हो आई, तसं काही..."

"गप्प बस. माझी खुर्ची फिरव."

"आई, खिडकी पाठीमागे जाईल," मी म्हटलं. "रस्ता दिसायचा नाही तुम्हाला."

"अकरा वर्षं बघतेय त्याला. तो काही वळत नाही."

आम्ही दोघींनी मिळून खुर्ची फिरवली, स्टूल पुढे सरकवलं. पाय ठेवताना सासूबाईंनी कळ सोसत डोळे मिटले. मग त्यांनी वाटी मांडीवर घेतली आणि चिमटीत एक वाटाणा धरला.

"ये आता तिकडून," त्या म्हणाल्या. "आणि पडलीस तरी मी ती फेरी धरणार आहे."