फीत कुणी कापायची

प्रियदर्शनी इंगवले भाजी आणायला गेली की निम्मी मंडई तिच्याकडं बघायची. चौदा वर्षं ती कोल्हापुरातल्या केबल चॅनेलवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचत होती. मोठ्या चॅनेलवाल्यांना लोक लांबून ओळखतात, हिला मात्र जवळ येऊन दंडाला धरून सांगायचे, "ताई, आमच्या गल्लीत चार दिस झालं पाणी न्हाय, तेवढं म्हना की आज." रक्तदान शिबिर असो, तालमीचा सत्कार असो, शाळेचं गॅदरिंग असो, पत्रिकेवर तिचं नाव असायचंच. तिलाही ते आवडायचं. जिथल्या बातम्या सांगायच्या त्या गावात माणसानं मिसळून असावं, असं ती म्हणायची, आणि तसंच वागायचीही.

त्यामुळं जूनमधल्या एका दुपारी ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स घेऊन एक साठीचा माणूस आला, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यानं वाकून पायाला हात लावला तेव्हा. ती दोन पावलं मागं सरली.

"अहो, काय करताय हे!"

"करू द्या ताई. सहा वर्षं राहिलंय करायचं." तो खुर्चीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी आप्पासो मगदूम. शिरोळ तालुक्यातला. तुमच्यामुळं आमची आक्का घावली."

मग त्यानं सगळं सांगितलं. एकोणीसच्या महापुरात त्यांच्या गावाला पाण्यानं वेढा घातला. बोटीतून माणसं काढताना त्याची आई, अंजनाक्का, एका बोटीत बसली आणि बाकीचं घर दुसरीत. तिला एका कानानं ऐकू येत नाही, फोन वापरता येत नाही. तीन दिवस म्हातारीचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी आप्पासोची बायको जयसिंगपुरात पावण्यांच्या घरी बसलेली असताना टीव्हीवर नाव आलं: अंजनाक्का मगदूम, वय ऐंशी, डाव्या कानानं ऐकू येत नाही, अमक्या शाळेत सुखरूप आहेत, घरच्यांनी यावं.

"हात जोडून सांगितलासा ताई तुमी. डोळ्यांत पाणी हुतं तुमच्या." आप्पासोनं पेढ्यांचा बॉक्स पुढं सरकवला. "आता नवं घर बांधलंय, उंचावर. येत्या रविवारी वास्तू हाय. फीत तुमीच कापायची."

प्रियदर्शनीला काही कळेना. महापुराचे ते आठ दिवस ती कोल्हापुरात नव्हतीच. चुलत दिराच्या साखरपुड्याला आजऱ्याला गेली होती आणि रस्ते बंद झाल्यावर तिथंच अडकली. अख्खं शहर पाण्यात असताना आपण काजूच्या बागेत बसून होतो, ही गोष्ट तिनं फारशी कुणाला सांगितली नव्हती.

"मी नव्हते हो त्या वेळी. मी आजऱ्यात होते."

आप्पासो हसला. "मोठी माणसं असंच म्हनत्यात." आणि पत्रिका टेबलावर ठेवून, पुन्हा एकदा हात जोडून निघून गेला.

पत्रिकेवर तिचं नाव आधीच छापलेलं होतं.

ती संपादक उदयसिंहांच्या केबिनमध्ये गेली. ते चॅनेल सुरू झाल्यापासूनचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "त्या आठवड्यात? वर्षाराणी होती की. शिकाऊ पोरगी. गच्चीवर जनरेटर लावून आठ दिवस एकटीनं वाचलं तिनं. तुला आठवत न्हाय?"

आठवत होतं, पण नीट नाही. बारीक अंगाची, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. पुढं ती डेस्कवर गेली, मग नोकरी सोडली, लग्न होऊन इचलकरंजीला गेली. प्रियदर्शनीच्या मनात एवढंच राहिलं होतं. मग आता काय करायचं? आप्पासोला फोन करून सांगायचं, की सरळ वर्षाराणीलाच घेऊन जायचं? दुसरं तिला बरं वाटलं. त्यात जरा मोठेपणाही होता, हे तिचं तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी ती इचलकरंजीला गेली. यंत्रमागांच्या खडखडाटातून गल्ली शोधत शोधत घर सापडलं. वर्षाराणी खालच्या खोलीत दहावीच्या मुलांची शिकवणी घेत होती. प्रियदर्शनीला दारात बघून तिच्या हातातला खडू तसाच राहिला.

"प्रियाताई? तुम्ही हितं?"

मुलांना गणित घालून तिनं चहा टाकला. प्रियदर्शनीनं आप्पासोची हकीकत सांगितली आणि म्हणाली, "ते तूच वाचलेलं ना?"

"व्हय. मीच." वर्षाराणी गॅसकडं बघत म्हणाली. "साहेबांनी सांगितलेलं, एकेकाची नावं वाचायची न्हाईत. एकाचं वाचलं तर हजार लोक फोन करतील. पण त्या शाळेतनं एक बाई सारखी फोन करायची. म्हातारी जेवत न्हाय, दाराकडं बघत बसलीया. शेवटी बातम्या संपताना वाचून टाकलं. वाचताना रडू आलं. हात कधी जोडले, मला कळलंच न्हाय."

"मग साहेब ओरडले असतील."

"साहेब न्हाईत ओरडले." वर्षाराणीनं चहा गाळला, कप तिच्यापुढं ठेवला. "तुम्ही ओरडलासा."

प्रियदर्शनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. खडखडाटही होताच.

"तुम्ही आजऱ्यासनं आल्यावर. साहेबांच्या केबिनमधी. दार उघडं होतं. तुम्ही म्हणालासा, अँकरच रडायला लागली तर लोकांनी बघायचं कुणाकडं? हिला कॅमेऱ्यापुढं बसवू नका. मग मला डेस्कवर टाकलं." एवढं बोलून ती बिस्किटांचा डबा शोधायला लागली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती.

आणि मग प्रियदर्शनीला ते आठवलं. नवव्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच, पोरीनं किल्ला लढवला. कुणीतरी फोनवर एक तुकडा दाखवला: विस्कटलेले केस, जोडलेले हात, भरून आलेला आवाज. कशाबद्दल, कुणाचं नाव, ते तिनं ऐकलंही नव्हतं. आणि ती तडक केबिनमध्ये गेली होती. ती बोलली ते तिला खरंच वाटत होतं. आजही वाटत होतं. बातमी सांगणाऱ्यानं रडू नये. पण त्या दिवशी ती तेवढ्यासाठीच गेली होती का? की आपल्या खुर्चीवर बसून दुसरं कुणी आठ दिवसांत गावाचं झालं म्हणून? तिला काही केल्या ठरवता येईना.

"रविवारी तू ये माझ्याबरोबर," ती कशीबशी म्हणाली. "फीत तुझी आहे."

"मला नगं बाई असलं काही," वर्षाराणी म्हणाली. जरा थांबून तिनं विचारलं, "म्हातारी हाय अजून?"

"आहे. शहाऐंशी वर्षांची."

"मग येते. तिला बघायला येते."

रविवारी दोघी गेल्या. गावाबाहेरच्या उंचवट्यावर नवं कोरं घर, दारात मांडव, तीनेकशे माणसं. गाडीतून उतरताच बायकांनी प्रियदर्शनीला गराडा घातला, फोटो काढले. वर्षाराणी पर्स सावरत कडेला उभी राहिली. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत अंजनाक्का बसली होती, डोक्यावर पदर, दोन्ही हात काठीवर.

आप्पासोनं माइक प्रियदर्शनीच्या हातात दिला.

"मंडळी, एक सांगायचंय. आक्कांचं नाव मी वाचलं नव्हतं. ते हिनं वाचलं, वर्षाराणीनं. मी त्या वेळी आजऱ्यात होते. आणि नंतर परत येऊन मीच हिची तक्रार केली. हिचं काम माझ्यामुळं गेलं."

मांडवात मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि बरोबर नसावं असं वाटून थांबवली. आप्पासो एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला.

"म्हंजे तवा दोघी हुतासा?"

"नाही. ही एकटीच होती."

"मग," त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "तुमी कशाला आलासा?"

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. प्रियदर्शनीनं माइक त्याच्या हातात परत दिला.

आप्पासोची बायको त्रिशला पुढं आली. तिनं वर्षाराणीचा चेहरा निरखून बघितला, मग कपाळाला हात लावला. "मी चेहरा कुठं नीट बघितलेला! नाव ऐकल्या ऐकल्या रस्त्याकडं पळालेली. चॅनेल त्येच, म्हटल्यावर ताईच असनार असं धरलं. सहा वर्षं सगळ्यास्नी तसंच सांगत आले बगा."

"काय म्हंतीया ती?" अंजनाक्कानं मोठ्यानं विचारलं.

आप्पासोनं तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. म्हातारीनं वर्षाराणीला हातानं जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरली.

"मी शाळंत बसल्याली. तितं टीव्ही कुठला? मला काय ठावं कोन काय बोललं," ती म्हणाली. "पर तू जेवून जायाचं."

वर्षाराणी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. फीत तशीच आडवी होती. कात्रीचं ताट धरून उभ्या असलेल्या आप्पासोच्या सुनेनं विचारलं, "मग कुणी कापायची?" आप्पासो म्हणाला नव्या ताईंनी, कुणी म्हणालं दोघींनी मिळून, वर्षाराणी मान हलवून मागं सरली. दोन-चार मिनिटं नुसता गोंधळ. शेवटी अंजनाक्का काठी टेकत उठली, ताटातली कात्री उचलली आणि फीत कापून आत चालायला लागली.

"ऊन लागतंया," ती म्हणाली.

जेवणं झाली. दोघी परतीच्या वाटेला लागल्या. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. शेवटी प्रियदर्शनी म्हणाली, "वर्षा, चुकलं माझं."

वर्षाराणी खिडकीबाहेर बघत होती. "तसं काय सांगता येत न्हाय ताई. मला तेव्हा लई राग आला. पण घरी जाऊन मी तो तुकडा बघितला, आणि मलाच लाज वाटली. किती रडतीय ही, असं वाटलं. तुम्ही म्हणत होतासा ते खरंच असंल." ती थांबली. "पण म्हातारी घावली की."

प्रियदर्शनीला वाटलं होतं, माफी मागितली की मन हलकं होईल, नाहीतर समोरची चिडेल तरी. यातलं काहीच झालं नाही. आपण बरोबर होतो असं आपल्यामुळं नुकसान झालेलं माणूसच सांगतंय, यावर काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"रविवारच्या बातम्यांना माणूस पाहिजे," इचलकरंजीच्या वळणावर ती म्हणाली. "मी साहेबांशी बोलते. येशील?"

"दहावीची पोरं हाईत माझ्याकडं," वर्षाराणी म्हणाली. मग गाडीतून उतरताना दार धरून उभी राहिली. "रविवारी सुट्टी असते तशी. पण मी रडणार न्हाय असं काय सांगत न्हाय बघा."

"बघू," प्रियदर्शनी म्हणाली.

वर्षाराणीनं दार लावलं आणि गल्लीत शिरली. प्रियदर्शनीनं गाडी तिथंच कडेला घेतली, उदयसिंहांचा नंबर लावला, आणि पलीकडून "बोल" आल्यावर ती म्हणाली, "साहेब, वर्षाराणीबद्दल बोलायचंय."