तळ्याभोवती दोन फेऱ्या

अरे, बाळकुमचा आपला विकी! पंधरा दिवस रुसलेली निशा आज मैत्रिणीकडून निरोप धाडून एकदाची त्याला ठाण्याच्या मोठ्या पार्कात भेटायला आलेली. तळ्यापलीकडून तिने हात केला आणि हा सुटलाच! पण तीही त्याच्याकडे यायला निघालेली. ट्रॅकवर सगळ्यांनी एकाच बाजूने चालायचं. उलटं वळलं की वॉचमन शिट्टी मारतो. दोन फेऱ्या झाल्या, तरी निशा आपली पलीकडेच! विकीला कळेना, ही भेटायला आलीय की पळायला? फोन करावा, तर तिने ब्लॉक केलेला.

बाकावरच्या सरोजकाकू म्हणाल्या, "अरे, किती धापा टाकतोस! बस जरा."

विकी मटकन बसला. बघतो तर पलीकडे निशाही बसलेली! आता उठायचं कुणी?

तेवढ्यात, पंधरा दिवसांनी, तिचा फोन आला.

"हलू नकोस, गाढवा. मी येते."