दोन चुलींची एक विळी

फणसाचं बसकं फळकुट, त्यातून मान वर काढून वाकलेलं लोखंडी पातं आणि पात्याच्या शेंड्याला खोबरं खवणारे दात. एवढाच माझा देह, मित्रांनो. मी एक जुनी विळी आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर ती बहुतेक मोरीमागे भिंतीला टेकून बसलेली असेल. अशी एक म्हातारी विळी विमानात बसून परदेशी गेली आणि परत आली, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. हसा, आणि मग ऐका.

माझा जन्म रोह्याचा. पोपट लोहाराच्या भात्यापुढे मी लाल झाले, घणाखाली वाकले, पाण्यात चर्रकन विझले. धरमतर खाडीकाठच्या मिठागरावर राबणारे एक गृहस्थ मला घेऊन गेले. त्यांच्या दोन मुलांची लग्नं एकाच मांडवात लागायची होती. थोरल्याची बायको आली इंदुबाई, धाकट्याची गोदूबाई. नव्या संसारात नव्या सुना आणि नवी मी, अशा तिघी एकदमच त्या घरात रुळलो.

मिठाच्या गावात लोखंडाला आयुष्य थोडं. तिथला वाराच खारट. पण मला गंज शिवला नाही. जिने चिरायला घेतलं, तिनेच मला पुसायचं, खोबरेलाचं बोट पात्यावरून फिरवायचं आणि मगच जेवायला बसायचं, असा दोघी जावांचा नेम होता. मिठागरावरून येताना दोघींच्या टाचा भेगाळलेल्या असत. तरी इंदुबाई माझ्यावर बसून खाडीतली निवट्यांची मासळी साफ करी, गोदूबाई वालाच्या बिरड्याला नारळ खवी, आणि दोघींचं गाणं चाले. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची.

पुढे चुली वेगळ्या झाल्या. भांडण नव्हतं, माणसं वाढली, घर पुरेना. अंगणापलीकडे गोदूबाईचं घर उभं राहिलं. हंडे, परात, पाट सगळं वाटलं गेलं. माझी पाळी आली तेव्हा सासरे म्हणाले, "हिला काय मधून चिरणार? इंदूकडं ऱ्हाऊ दे. पन हाय ती दोघींची."

तेव्हापासून मी रोज अंगण ओलांडू लागले. त्याची एक रीत होती. आमच्याकडे विळी कोणी कोणाच्या हातात देत नाही. हातात दिली तर दोघांत भांडण लागतं, अशी समजूत आहे. देणारीनं ती भुईवर ठेवायची, घेणारीनं भुईवरून उचलायची. इंदुबाईनं त्यावर एक ओवी जुळवली होती:

विळी ठेविली भुईवरी, उचलली गो जावेनं,
राग ठेविला भुईवरी, उचलला नाय कोनी.

दिवस गेले. दोघींचे नवरे गेले. इंदुबाईचा मुलगा जगन कंपनीत लागला, सून मालू आली, घरात ओटा आला. मालू उभ्यानं सुरीनं कापते. तिचा हात चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण मला त्या घरात काम उरलं नाही. मग मी महिनोन्महिने गोदूबाईकडेच राहू लागले. तिच्या घरी ओटा नाही. नाव थोरलीच्या घरचं आणि मीठ धाकटीच्या घरचं, असं माझं चाललं होतं. गोदूबाई मला पुसताना माझ्याशी बोलतही असे.

अशात पुतळीचा फोन आला. पुतळी ही इंदुबाईची मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती हॉलंडात राहते. तिनं आईला, भावाला, भावजयीला सुट्टीला बोलावलं होतं. फोनवर म्हणाली, "आये, येताना विळी आन गो. हितं उभ्यानं कापून कापून मासळीला चवच लागत नाय."

लेकीनं मागितलं आणि आईनं हो म्हटलं. गोदूबाईला विचारायचं मात्र राहून गेलं. निघायच्या सकाळी जीप दारात उभी, जगन हाका मारतोय, आणि इंदुबाई धावत अंगण ओलांडून गेली. गोदूबाई नारळ खवत होती.

"गोदू, विळी दे गो. पुतळीला न्यायची हाय."

गोदूबाईचा हात थांबला. "कंदी ठरलं?"

"झाले की चार रोज."

"चार रोज. आन मना आता सांगतेस, जीप आल्यावर."

"अगो, म्हैनाभराचा तर सवाल."

गोदूबाई उठली. अर्धी खवलेली वाटी तिनं बाजूला सारली, मला पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. आणि मग, मित्रांनो, तिनं मला भुईवर ठेवलं नाही. सरळ इंदुबाईच्या हातात दिलं.

"घे. तुझ्या घरची हाय. मी कोन इचारनारी?"

इंदुबाईनं मला धरलं. मन मागे राहिलं, हात आधी पुढे गेले. जगननं हॉर्न वाजवला. जुन्या लुगड्यात गुंडाळून मी बॅगेत गेले.

तो देश समुद्राहून सखल आहे. पहिल्याच दिवशी पुतळी सगळ्यांना समुद्राच्या बांधावर घेऊन गेली. हे मी इंदुबाईच्या तोंडून ऐकलं. घरी येऊन ती म्हणाली, "ही तर आपलीच खारबंदी गो. अलीकडं शेत, पलीकडं दर्या. पन बांध फुटला तं चिखल टाकायला कोनाची पाळी असते?"

"पाळी नाय आये. त्याला माणसं नेमलेली असतात. बांध फुटायच्या आधीच बघतात."

"आन मग गाव काय करतं?"

"गाव झोपतं."

इंदुबाईला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. आमच्याकडे भरतीला बांधाला खांड पडली की सगळं गाव घमेली घेऊन धावतं. चिखलात उभं राहून एकमेकांना शिव्या देतात, आणि दुसऱ्या दिवशी एकत्र जेवतात. तिथे खांडच पडत नाही.

शेजारी आन्ना नावाच्या बाई राहत. पुतळीनं त्यांना चहाला बोलावलं, तर त्यांनी वही बघून पुढच्या गुरुवारची वेळ दिली.

"गुरुवारपर्यंत चाची तल्लफ कशी धरून ठेवते गो ही?" इंदुबाईनं विचारलं. मालू हसून हसून ओट्याला टेकली.

गुरुवारी आन्नाबाई बरोबर वेळेवर आल्या. इंदुबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसून माझ्यावर कोबी चिरत होती. आन्नाबाईंना माझी फार मौज वाटली. बघायला म्हणून त्यांनी हात पुढे केला. इंदुबाईनं मला उचललं आणि त्यांच्या पायाशी फरशीवर ठेवलं. आन्नाबाईंचा हात तसाच राहिला. त्यांना वाटलं, म्हातारीला आपण हात लावलेला आवडत नाही. त्या ओशाळून मागे सरल्या.

पुतळीनं घाईघाईनं आमची रीत समजावली. आन्नाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ओट्यावरची सुरी उचलली, पातं स्वतःच्या बोटांत धरलं आणि सुरीची मूठ इंदुबाईपुढे केली. पुतळीनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं: "त्या म्हनतात, आमच्यात अशी देतात. धार आपल्याकडं, मूठ समोरच्याकडं. म्हंजे माझा तुझ्यावर भरवसा."

इंदुबाई सुरीकडे बघत राहिली. घेतली तिनं, पण पदरानं हात पुसून.

आन्नाबाई जाताना दोनदा माफी मागून गेल्या, एकदा हात पुढे केल्याबद्दल आणि एकदा कप सांडल्याबद्दल.

"यांच्यात माफी लई स्वस्त गो," इंदुबाई म्हणाली.

"व्हय," पुतळी म्हणाली. "आन आपल्यात लई महाग. कोन घेतच नाय."

त्या वाक्यानंतर इंदुबाईचं सुट्टीतलं लक्ष उडालं. फुलांचे ताटवे दाखवले, पवनचक्की दाखवली, ती सगळ्याला "छान हाय" म्हणे. घरी आली की मला पुसत बसे, पुसून झालेलं पातं पुन्हा पुसे.

निघायच्या वेळी पुतळीनं मला बॅगेतून बाहेर काढलं. "आये, ऱ्हाऊ दे ना हितं. वहिनी तर वापरत नाय."

मालू सासूला म्हणाली, "द्या की आत्या. तिला आठवण होईल."

लेकीचं तोंड बघून इंदुबाईचे डोळे भरले. पण तिनं मला परत लुगड्यात गुंडाळलं. "तुला मी रोह्यावरनं नवीन करून धाडीन पुतळे. ही देयाला माझी एकटीची नाय."

परतीच्या वाटेवर पेण मागे पडलं आणि जीपच्या खिडकीतून खारा वारा आत आला. अंगणात उतरतो न उतरतो तोच सगळी आळी जमली. कोणी वेळ विचारली नाही, दार वाजवलं नाही. कोणी बॅगा उचलल्या, कोणी परस्पर चहा टाकला. धोंडुबाई नावाची शेजारीण म्हणाली, "गोरी झालीस गो इंदू. तिकडं ऊन मिलत नाय वाटतं."

इंदुबाई हसत होती, चॉकलेटं वाटत होती, आणि डोळे अंगणापलीकडे होते. गोदूबाईचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत चुलीचा धूर होता. म्हणजे ती घरात होती. ती आली नाही.

"गोदूकाकी इळ्यानं मासळी कापते म्हनं," मालू हळूच सासूच्या कानाशी बोलली. "बोट कापून घेतलंय तिनं."

इंदुबाईनं तिथंच बॅग उघडली. लुगडं सोडलं. गर्दी तशीच टाकून मला घेऊन ती निघाली. अंगण तेवढंच होतं, पण तिचा श्वास मला आज मोठा ऐकू येत होता.

गोदूबाई चुलीपुढे बसली होती. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी. पुढ्यात परातीत बोय मासे आणि गवत कापायचा विळा. तिनं मान वर केली नाही.

इंदुबाईनं मला भुईवर ठेवलं. गोदूबाईनं उचललं नाही. मी दोघींच्या मधे पडून राहिले.

मग इंदुबाई खाली बसली आणि आमच्या आळीत मी कधी न ऐकलेली गोष्ट बोलली. "तुला न इचारता नेली. माझं चुकलं गो, गोदू."

गोदूबाई चमकली. असं सरळ कोणी बोलतं का? आमच्याकडे राग गेला की वाटीभर कालवण पाठवतात. शब्द कोणी पाठवत नाही. तिनं बोटाची चिंधी उगाच घट्ट केली.

"तिकडनं शिकून आलीस व्हय?"

"व्हय."

"आनखी काय शिकलीस?"

"गुरुवारी चा प्यायला."

गोदूबाईच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं तो पदरात लपवला. "मी तरी काय," ती परातीकडे बघत म्हणाली, "हातात द्यायला नको व्हती. म्हैनाभर झोप नाय मना. डोक्यावरनं इमान गेलं की वाटायचं, माज्यामुलं काय झालं तं."

एवढं बोलून तिनं पाय लांब करून माझं फळकुट जवळ ओढलं, त्यावर बसली आणि पहिला बोय चिरला. कापलेल्या बोटानं नीट जमेना. तेव्हा इंदुबाईनं परात आपल्याकडे घेतली आणि ती मासे धरून देऊ लागली. अंगणातून धोंडुबाई हाका मारत होती. दोघींनी ओ दिली नाही.

"पुतळी रडली का गो निघताना?" गोदूबाईनं विचारलं.

"लई."

"मग सांग ना. पयल्यापासून सांग."

मित्रांनो, तेव्हापासून मी दोन्ही घरी राहते. पुतळीसाठी रोह्याला नवी विळी घडते आहे. मला कोणी विचारलं, तो देश बरा की हा, तर मला सांगता येणार नाही. तिथे बांध फुटण्याआधी बघतात, ते मला आवडलं. इथे फुटल्यावर सगळे धावतात, तेही आवडतं. पण माझं एक मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूला ओलं ठेवू नका. काम झालं की पुसा, तेलाचं बोट लावा. आणि ती वस्तू कोणाला देण्याआधी, नेण्याआधी किंवा अडगळीत टाकण्याआधी, तिच्यावर आणखी कोणाचा हात फिरलेला असेल, तर एकदा त्या माणसाला जाऊन विचारा. जीप दारात यायच्या आधी विचारा.