सात ते आठ, भिंतीपलीकडे

नवनाथ कासारांच्या दुकानात मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. दोन शनिवार मी त्या माणसाचं डोकं खाल्लं होतं आणि साधी वायरसुद्धा विकत घेतली नव्हती.

"मॅडम, आज ठरवायचंच," ते म्हणाले. "ही लाकडी जोडी, नाहीतर ही काळी. दोन्हींत अँप्लिफायर आतच आहे. प्लग लावा, मोबाइल जोडा, झालं काम. लाकडीत गाणं स्वच्छ येतं, काळीत ठेका भरदार येतो. यात एवढं अवघड काय आहे?"

अवघड काय ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. शरणपूर रोडवरच्या त्या दुकानात मागे एक छोटी एसी खोली आहे. तिथे सारंगी लावली की लाकडी स्पीकरमधून गज तारेवर घासल्याचाही आवाज यायचा. गाणारी बाई श्वास घ्यायची तोही ऐकू यायचा. लोक याच्यासाठीच जीव टाकतात म्हणे. मला मात्र कोणीतरी फार अंगावर येऊन बोलतंय असं वाटायचं. मला हवं होतं ते गाणं मी अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं, आणि ते भिंतीतून यायचं.

इंदिरानगरात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आधी आई आणि मी, आता मी एकटी. कचेरीत मी आस्थापना शाखेत बसते. माझ्या तोंडाला लागायला साहेबही घाबरतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये शेखर गांगुर्डे राहायचे. ओझरच्या कारखान्यात होते. बायको लवकर गेलेली, मुलगा बंगळुरूला. सकाळी कंपनीच्या बसने जायचे, साडेसहाला यायचे आणि सातला गाणं लावायचे. त्यांच्या हॉलची भिंत म्हणजेच माझ्या स्वयंपाकघराची भिंत. शब्द कळायचे नाहीत. डग्ग्याचा घुमारा यायचा आणि त्याच्यावर तरंगणारी एक पुसट सुरावट. आठला सगळं बंद. वक्तशीर माणूस, मी मनात म्हणायची.

एकदा, अगदी सुरुवातीला, ते जिन्यात भेटले. हातात पिशवी, चेहरा अपराधी. "मॅडम, संध्याकाळी माझ्या आवाजाचा त्रास होत नाही ना?"

"कसला आवाज?" मी म्हणाले.

असं कोणी का म्हणतं? मी म्हणाले, कारण खरं सांगितलं असतं तर त्या सभ्य माणसाने दुसऱ्या दिवसापासून आवाज कमी केला असता. मग मीही आवाज करणं सोडलं. सात ते आठ मिक्सर नाही, भांडी नाहीत, टीव्ही नाही. आई त्या वेळी खाली देवळात भजनाला असायची. मी भिंतीला पाठ टेकून लसूण सोलत बसायची, कारण लसूण सोलण्याचा आवाज होत नाही. आमच्या घरी तेव्हा भेंडीच्या भाजीतसुद्धा मुठीने लसूण असायचा.

दीड वर्षापूर्वी गांगुर्डे रिटायर झाले आणि भावाकडे गावी गेले, बागलाणात, नामपूरला. फ्लॅट बंद होता तोवर मी कशीबशी राहिले. गेल्या महिन्यात तिथे नवं कुटुंब आलं आणि भिंतीतून मालिकांमधली रडारड यायला लागली. तेव्हा मी उठून नवनाथ कासारांचं दुकान गाठलं.

"तुम्ही आतच थांबा," मी त्यांना म्हणाले. "दार लावून घ्या. मी बाहेरून ऐकते."

"बाहेरून?"

"हो."

मी प्लायवुडच्या भिंतीला कान लावून उभी राहिले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मोबाइल सोडून माझ्याकडे बघत होती. लाकडी जोडी बाहेरून अगदीच किरटी वाटली. काळी जरा बरी. कासार दार उघडून बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ऐकायचंय की शेजाऱ्यांना ऐकवायचंय?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही बहुतेक ते कळलं, कारण मग ते जरा नरमले. काळ्या स्पीकरला मागे भोक असतं, म्हणून तो भिंतीपासून हातभर पुढे ठेवायचा, नाहीतर नुसता घुमतो, असं त्यांनी समजावलं. भिंतीला चिकटवून ठेवणाऱ्या लोकांचा त्यांना राग येतो म्हणे.

"चिकटवा," मी म्हणाले.

त्यांनी नाइलाजाने दोन्ही स्पीकर भिंतीला चिकटवले आणि पुन्हा दार लावलं. पलीकडून डग्गा आला. पण सुरावट आली ती वेगळीच, टोकदार. जवळपास तेच होतं, पण ते नव्हतं.

"तुम्ही कोणाकडे तरी ऐकलेलंच शोधताय. मग त्यांनाच विचारा ना, त्यांचे कुठले होते ते," कासार म्हणाले. "तीच जोडी मागवून देतो. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

नंबर माझ्याकडे होता. सोसायटीच्या ग्रुपवरून कधीच उतरवून ठेवला होता. दीड वर्षात फोन करायला एकही निमित्त मिळालं नव्हतं, आणि बिननिमित्ताचा फोन माझ्याच्याने होणार नव्हता. आता मिळालं होतं. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले आणि फोन लावला.

"मी उज्वला दुसाने. इंदिरानगर. तुमच्या शेजारची."

"अरे, मॅडम! बोला. सोसायटीचं काही काम राहिलंय का माझ्याकडून?"

"नाही हो. मला स्पीकर घ्यायचेत. म्हटलं, तुमच्याकडे कुठले होते ते विचारावं."

मग ते म्हणाले, "माझ्याकडे स्पीकर होते हे तुम्हाला कसं माहीत?"

"भिंतीतून यायचं थोडं."

"म्हणजे त्रास झाला ना! मी विचारलं होतं तुम्हाला जिन्यात. तुम्ही म्हणालात, कसला आवाज. मी समजलो, मॅडम त्या वेळी घरी नसतात. भांड्याचा आवाज नाही, टीव्ही नाही. म्हणून तर बिनधास्त लावायचो. आठच्या सुमाराला तुमच्या कुकरची शिट्टी झाली की कळायचं, आल्या मॅडम. मग लगेच बंद करायचो. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला कशाला ताप?"

"आणि शिट्टी झालीच नसती तर?"

"तर बसलो असतो लावून. माझी कोण वाट बघत होतं?"

आईला साडेआठला गोळ्या असायच्या. त्याआधी तिचं जेवण व्हायला हवं, म्हणून पावणेआठला मी हळूच कुकर चढवायची. आई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतरही मी एकटीच्या मूठभर भातासाठी त्याच वेळेला कुकर लावत राहिले. ज्याला मी त्यांचा वक्तशीरपणा समजत होते, तो माझाच कुकर होता. रोज संध्याकाळी ते गाणं मीच माझ्या हाताने बंद करत आले होते. माझा मलाच राग आला.

"मी घरीच असायचे," मी म्हणाले. "रोज. तुमच्या भिंतीला पाठ लावून बसायचे. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आवाज कमी केला असता, म्हणून बोलले नाही. फार आठवण येते त्याची."

त्याची म्हणजे गाण्याची, असं पुढे जोडून द्यावं असं मनात आलं. पण जोडलं नाही.

पलीकडे कोणीतरी विचारलं, "कोन शे?" ते म्हणाले, "नाशिकना फोन शे," आणि चालत कुठेतरी बाजूला गेल्यासारखे वाटले. मग बऱ्याच हळू आवाजात म्हणाले, "स्पीकर साधेच आहेत हो. कंपनीचं नावसुद्धा पुसलं गेलंय. इथे आणल्यापासून खोक्यातच पडलेत. सगळे दिवसभर कांद्यात असतात, ऐकणारं कोणी नाही." आणि पुढे म्हणाले, "या तुम्ही कधीतरी नामपूरला."

या कधीतरी. आपल्याकडे फोन ठेवण्याआधी सगळेच असं म्हणतात. त्यावर 'हो हो, येऊ ना' म्हणायचं असतं, आणि जायचं नसतं. मी जन्मभर हेच केलं आहे, अगदी सख्ख्या मामेबहिणींशीसुद्धा.

"कधी येऊ?" मी विचारलं.

ते गडबडले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि आज तो मला हवा होता.

"रविवारी?" ते म्हणाले. "उद्या नको, पुढच्या. तोवर खोकी उघडून ठेवतो."

मी हो म्हणाले. नामपूरची गाडी नाशिकहून किती वाजता सुटते ते मला दीड वर्षापासून पाठ होतं. तरी मी त्यांना विचारलं.